गर्भजल जास्त असेल तर: सोनोग्राफीपासून बाळाच्या पहिल्या दुधापर्यंत

पोटातल्या बाळाभोवती जे पाणी असते, त्यातला मोठा भाग बाळाची लघवी असते. पाणमोट एकदा भरली आणि प्रसूतीपर्यंत तशीच राहिली, असे होत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत हे पाणी आईच्या रक्तातून झिरपून येते. चौथ्या महिन्यानंतर बाळाची मूत्रपिंडे जोमाने काम करू लागतात आणि पुढे गर्भजलाचा मुख्य झरा तोच होतो. दिवस भरत आलेले बाळ रोज साधारण पाऊण लिटर लघवी करते आणि भोवतालचे पाणी दिवसभर गिळतही राहते. गिळलेले पाणी आतड्यातून रक्तात शोषले जाते आणि वारेतून आईकडे परत जाते. काही पाणी वारेच्या पृष्ठभागावरूनच बाळाच्या रक्तवाहिन्यांत उतरते. दहाव्या आठवड्यात सुमारे 30 मिलिलिटर असलेले गर्भजल सोळाव्या आठवड्यात 200 मिलिलिटरच्या घरात जाते, आठव्या महिन्यात 800 मिलिलिटरच्या आसपास पोहोचते आणि दिवस भरताना पुन्हा थोडे उतरते.

आवक-जावकेचा हा हिशेब नीट लक्षात घेतला की पाणी का वाढते, हे समजायला सोपे जाते. बाळ लघवी जास्त करत असेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर पाणी साचते. शंभर गरोदरपणांत एक-दोन ठिकाणी असे घडते. डॉक्टर बोलताना त्याला ‘लायकर जास्त आहे’ म्हणतात, घरात ‘पाणी वाढलंय’ म्हणतात आणि अहवालात ‘पॉलिहायड्राम्निओस’ असा शब्द असतो. शब्द अवजड आहे, पण तो एका लक्षणाचे नाव आहे. ताप आला की ताप कशाचा ते शोधावे लागते, तसेच पाणी वाढले की ते कशामुळे वाढले, हे शोधावे लागते. त्या शोधातून जे हाती येते किंवा येत नाही, त्याची माहिती बाळ जन्मल्यावर त्याला हाताळणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचली पाहिजे. पुष्कळ घरांत आणि काही रुग्णालयांतही नेमका हाच दुवा तुटतो. आईच्या फाइलमधली ओळ आईच्या फाइलमध्येच राहते.

पाणी मोजले जाते ते सोनोग्राफीत. बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ कल्पून पोटाचे चार भाग करतात. प्रत्येक भागात यंत्राचा प्रोब सरळ उभा धरून पाण्याचा सर्वांत खोल कप्पा शोधतात आणि त्याची वरून खाली खोली सेंटिमीटरमध्ये मोजतात. पडद्यावर पाणी काळे दिसते. त्या काळ्या जागेत नाळेचे वेटोळे किंवा बाळाचा हात-पाय आला, तर ते माप धरत नाहीत. चार आकड्यांची बेरीज म्हणजे एएफआय. ती 24 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पाणी वाढले असे मानतात. काही ठिकाणी ही सीमा 25 धरली जाते. दुसऱ्या पद्धतीत एकाच सर्वांत खोल कप्प्याचे माप घेतात आणि तिथे सीमा 8 सेंटिमीटर आहे. जुळ्यांमध्ये प्रत्येक पिशवीसाठी हीच दुसरी पद्धत वापरतात. एएफआय 30च्या आत असेल तर वाढ सौम्य, 30 ते 35 मध्यम आणि त्यापुढे तीव्र समजली जाते. बाळ हलले, कूस बदलली, प्रोब जरा दाबून धरला की आकडा दोन-तीन सेंटिमीटरने इकडे तिकडे होतो. म्हणून 24.5 आकडा पाहून रात्रभर झोप उडवून घेण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजलेले माप जास्त बोलके असते.

निम्म्याहून अधिक बायकांमध्ये सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. अशी वाढ बहुधा सौम्य असते, सातव्या-आठव्या महिन्यानंतर दिसते, आणि कित्येकदा पुढच्या सोनोग्राफीपर्यंत पाणी आपोआप उतरलेले असते. यातली बहुतेक बाळे निरोगी जन्मतात. वाढ जितकी जास्त, तितकी बाळात काही दोष असण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतील डॅलस येथील 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य वाढीत सुमारे 8 टक्के, मध्यम वाढीत 12 टक्के आणि तीव्र वाढीत 31 टक्के बाळांमध्ये जन्मजात व्यंग आढळले होते. सखोल सोनोग्राफीत काहीच न दिसलेल्या बाळांपुरते पाहिले, तर हेच प्रमाण अनुक्रमे 1, 2 आणि 11 टक्के होते. म्हणजे चांगल्या तज्ज्ञाने केलेली नीट सोनोग्राफी काळजी पुष्कळ हलकी करते. तीव्र वाढीत मात्र ती शेवटचा शब्द ठरत नाही.

कारणांमध्ये पहिला संशय आईच्या साखरेवर घ्यावा, कारण ते सर्रास आढळते आणि त्यावर उपाय हाताशी असतो. आईच्या रक्तातली साखर वाढली की ती वारेतून बाळाकडे जाते, बाळाची साखर वाढते आणि ते लघवी जास्त करते. भारतात गरोदरपणातील मधुमेहासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या भेटीत एकदा आणि 24 ते 28 आठवड्यांदरम्यान पुन्हा एकदा तपासणी होते. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात, उपाशीपोटी असण्याची अट नसते, आणि दोन तासांनी साखर 140 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह समजतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही चाचणी होते. सहाव्या महिन्यात ती नॉर्मल आली होती आणि आठव्यात पाणी वाढले, तर ‘झाली की एकदा’ म्हणून सोडून न देता चाचणी पुन्हा करायला सांगावी. मधुमेह निघाला तर आहार, चालणे आणि गरज पडल्यास औषध किंवा इन्सुलिन यांनी साखर आटोक्यात येते. बहुतेकदा त्यासोबत पाणीही आवरते.

दुसरा मोठा गट बाळाच्या गिळण्याचा. अन्ननलिका मध्येच बंद असेल किंवा जठराच्या पुढचे आतडे बंद असेल, तर गिळलेले पाणी पुढे जात नाही. बाळाच्या मेंदूत दोष असेल किंवा स्नायू दुबळे असतील, तर ते गिळतच नाही. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. पाचव्या महिन्यात व्यंग शोधण्यासाठी केलेली सोनोग्राफी नॉर्मल होती, एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. बाळ त्या वयात पाणी फार थोडे गिळते. त्यामुळे आतड्याचा अडथळा असला तरी पाणी वाढलेले दिसते ते सहाव्या-सातव्या महिन्यानंतर. म्हणूनच पाणी वाढल्याचे उशिरा लक्षात आले, तरी जठर, आतडे, हृदय, मेंदू, ओठ आणि बाळाची हालचाल पुन्हा बारकाईने पाहणारी सोनोग्राफी करून घ्यावी आणि शक्य असेल तर ती गर्भवैद्यकाच्या तज्ज्ञाकडे करावी.

बाकीची कारणे संख्येने कमी आहेत, पण त्यांतली काही वेळेत कळली तर बाळ वाचते. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या रक्तपेशी फुटून त्याला पंडुरोग होऊ शकतो. हृदयावर ताण येतो आणि पाणी वाढते. आईच्या रक्ताची इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी आणि बाळाच्या मेंदूतील रक्तवाहिनीचा डॉप्लर यांवरून ते समजते. पोटातल्या बाळाला रक्त देण्याची सोय मोठ्या केंद्रांत आहे. सिफिलिस, सायटोमेगालो आणि पार्व्होसारखे संसर्ग, गुणसूत्रांतील बदल आणि वारेवरची गाठ हीही कारणे असतात. मानसिक आजारासाठी लिथियम चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, पण मनाने बंद करू नये. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांत कधी कधी एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे वळते. मग एकाच्या पिशवीत पाणी तुडुंब आणि दुसऱ्याच्या पिशवीत जवळजवळ कोरड, अशी स्थिती येते. अशा जुळ्यांची सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करतात, कारण वेळ साधली तर लेझरने त्या रक्तवाहिन्या बंद करता येतात. अशा वेळी पोट अचानक फुगले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

घरात या काळात सल्ल्यांचा पाऊस पडतो. पाणी कमी पी, नारळपाणी बंद कर, मीठ सोड असे सांगितले जाते. आई पिते ते पाणी पाणमोटेत जाऊन साठत नाही. तहान मारून गर्भजल उतरत नाही. उलट लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ आणि चक्कर मात्र पदरी पडते. पोट मोठे म्हणजे मुलगा, पोट मोठे म्हणजे जुळेच, या समजुतींनाही आधार नाही. गरोदर बाईने काही खाल्ले किंवा ओझे उचलले म्हणून पाणी वाढले, असा दोष तिच्या माथी मारणे तर सरळ अन्याय आहे. अहवाल ऐकून ती आधीच घाबरलेली असते. घरच्यांनी तिच्यासोबत तपासणीला जावे आणि फाइल नीट लावून ठेवावी. एवढे केले तरी तिला मोठा आधार होतो.

सौम्य वाढीत बाईला फारसे काही जाणवत नाही. पाणी बरेच वाढले की पोटाची कातडी ताणून चकाकते, आडवे झाले की दम लागतो, छातीत जळजळते, पाय सुजतात आणि बाळाचे अवयव हाताला नीट लागत नाहीत. कुशीवर, पाठीला उशी लावून झोपल्याने बरे वाटते. थोडे थोडे पण अनेकदा खावे. बाळाची हालचाल कमी वाटली, पोट थोड्या थोड्या वेळाने दगडासारखे कडक होऊ लागले, अंगावर रक्त किंवा पाणी गेले, डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, पण ही लक्षणे असतील तर 9 तारीख उजाडेपर्यंत थांबू नये.

पाणी उतरवण्यासाठी सरसकट औषध दिले जात नाही. इंडोमेथासिन नावाच्या गोळीने बाळाची लघवी कमी होते खरी, पण बाळाच्या हृदयाजवळची एक आवश्यक रक्तवाहिनी आकसण्याचा धोका असतो. केवळ पाणी कमी करण्यासाठी ती वापरू नये, असे अमेरिकेतील माता-गर्भ वैद्यक संघटनेने 2018 साली स्पष्ट सांगितले आहे. आईला श्वास घेणे कठीण झाले, असह्य त्रास होऊ लागला, तर सोनोग्राफीत पाहत सुईने पाणी सावकाश काढतात. त्याने आराम पडतो, पण कारण कायम असेल तर पाणी पुन्हा भरते. त्याच संघटनेच्या सूचनांनुसार सौम्य आणि कारण न सापडलेल्या वाढीत, दुसरी काही अडचण नसेल तर 39 आठवडे पूर्ण होण्याआधी कळा आणू नयेत आणि फक्त पाणी जास्त आहे म्हणून सिझेरियनही करू नये. हा मुद्दा घरच्यांनी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावा, कारण ‘पाणी जास्त आहे, आजच प्रसूती करून टाकू’ या घाईत लवकर जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे कच्ची राहू शकतात.

प्रसूती कुठे करायची, हे मात्र आधी ठरवावे. ताणलेले गर्भाशय मुदतीआधी कळा देऊ शकते. भरपूर पाण्यात बाळ फिरत राहते आणि ऐन वेळी पायाळू किंवा आडवे असू शकते. पाणमोट फुटताच पाण्याच्या लोंढ्यासोबत नाळ खाली घसरू शकते आणि पाणी एकदम ओसरल्याने वार सुटू शकते. प्रसूतीनंतर ताणाने सैल पडलेले गर्भाशय आकसले नाही, तर रक्तस्राव जोरात होतो. म्हणून रक्ताची सोय, सिझेरियनची सोय आणि बालरोगतज्ज्ञ असलेले रुग्णालय निवडावे. वाढ तीव्र असेल किंवा व्यंगाचा संशय असेल, तर नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आणि बाळांचे शल्यविशारद जिथे आहेत, तिथेच. पाड्यावर किंवा घाटाखालच्या गावात राहणाऱ्या बाईने तारखेच्या आठवडा-दोन आठवडे आधी रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे राहायला जाणे शहाणपणाचे.

घरी पाणमोट फुटलीच तर बाईने चालत फिरू नये. लगेच डाव्या कुशीवर आडवे व्हावे, कमरेखाली उशा घालून कंबर डोक्यापेक्षा उंच ठेवावी आणि 108 क्रमांकाला फोन करावा. नाळ बाहेर दिसत असेल तर ती आत ढकलू नये, ओढू नये. बाईला गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून, कंबर वर उचलून ठेवावे आणि गाडीत कुशीवर, कंबर तशीच उंच ठेवून न्यावे. पाण्याचा रंग हिरवट होता का, हे लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावे.

आता बाळाकडे. प्रसूतिगृहात शिरताना आईसोबतच्या व्यक्तीने एक वाक्य बोलायचे आहे: ‘पाणी जास्त होतं, बाळाला पाजण्याआधी तपासून घ्या.’ माता-बाल संरक्षण कार्डावर आणि फाइलच्या पहिल्याच पानावर ते मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे. कारण सोपे आहे. अन्ननलिका बंद असण्याचा दोष तीन-चार हजार जन्मांत एकदा दिसतो. त्यात बहुतेकदा श्वासनलिका आणि अन्ननलिकेचा खालचा भाग यांच्यात भोक असते. त्या वाटेने थोडे पाणी जठरात जाते, सोनोग्राफीत जठर भरलेले दिसते आणि दोष जन्मापर्यंत लपून राहतो. जन्मल्यावर त्याला हुडकण्याची रीत अगदी साधी आहे. परिचारिका बाळाच्या तोंडातून एक मऊ, बारीक नळी हळूहळू आत सरकवते. निरोगी बाळात ती अडखळत नाही, थेट जठरात उतरते. अन्ननलिका बंद असेल तर ओठांपासून दहा-बारा सेंटिमीटरवर ती अडते आणि कितीही हलक्या हाताने प्रयत्न केला तरी पुढे जात नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये नळीचे टोक वरच्या वर वेटोळे घालून बसलेले दिसते. नळी घालून पाहायला दोन-चार मिनिटे लागतात. जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू करण्याच्या आड ही तपासणी येत नाही. नळी जठरात गेली की बाळ लगेच आईच्या छातीशी द्यावे.

तपासणी झालेली नसताना बाळाच्या तोंडात काहीही जाता कामा नये. मध चाटवणे, गुळाचे पाणी, सोन्याची वळी उगाळून देणे, गुटी हे कोणत्याही नवजात बाळाला देऊ नयेच. पण जिथे पाणी वाढलेले होते तिथे तो एक थेंब थेट फुप्फुसात जाऊ शकतो. दोष असलेले बाळ जन्मल्यापासून तोंडातून फेस काढत राहते. लाळ पुसली की पुन्हा येते. दूध दिले की ठसका लागतो, श्वास कोंडतो आणि ओठ निळे पडतात. असे दिसले की दूध थांबवावे, बाळाचे डोके थोडे उंच ठेवावे, तोंडातली लाळ सतत काढत राहावी आणि उबदार गुंडाळून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. दिवस पूर्ण भरलेल्या, चांगल्या वजनाच्या आणि हृदय ठीक असलेल्या बाळांपैकी फार मोठा हिस्सा या शस्त्रक्रियेनंतर बरा होतो. निकाल बिघडतो तो बहुधा दूध फुप्फुसात गेल्यामुळे आणि पोहोचायला उशीर झाल्यामुळे.

जठराच्या पुढचे आतडे बंद असेल तर बाळाला पहिल्या दिवसापासून उलट्या होतात आणि त्या बहुतेकदा हिरव्या असतात. एक्स-रेमध्ये पोटात हवेचे दोन बुडबुडे शेजारी शेजारी दिसतात. या दोषाच्या सुमारे तीन बाळांमागे एकाला डाउन सिंड्रोम असतो. त्यामुळे गुणसूत्रांची तपासणी करतात आणि हृदयही पाहतात. नवजात बाळाची हिरवी उलटी हे कोणत्याही परिस्थितीत ताबडतोब दाखवण्याचे लक्षण आहे. पोट फुगणे आणि 24 तासांत काळी शी न होणे, हेही तितकेच.

आईला मधुमेह असेल तर बाळाची अडचण वेगळी असते. पोटात असताना भरपूर साखर मिळाल्याने त्याचे स्वादुपिंड जोरात इन्सुलिन बनवत असते. नाळ कापली की साखरेचा पुरवठा एका क्षणात थांबतो, इन्सुलिन मात्र तसेच राहते आणि काही तासांत बाळाची साखर घसरते. असे बाळ बऱ्याचदा गुटगुटीत, चार किलोच्या घरातले असते. नातेवाईक कौतुक करतात आणि ते सुस्त पडलेले ‘शांत झोपलंय’ असे समजतात. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन पहिल्या दिवशी काही तासांच्या अंतराने साखर तपासावी लागते. ती 45 मिलिग्रॅमच्या खाली गेली तर उपचार लागतात. पहिल्या तासात आईचे दूध आणि पुढे दर दोन-तीन तासांनी पाजणे हा सर्वांत चांगला बचाव. हातपाय थरथरणे, अंग गार पडणे, दूध न ओढणे, झटके येणे यांतले काहीही दिसले तर वाट पाहू नये. बाळ मोठे असल्याने जन्मताना खांदा अडकलेला असू शकतो, म्हणून दोन्ही हात सारखे हलतात ना, तेही पाहून घ्यावे.

काही बाळे हाताला ढिली लागतात, बारीक रडतात, चोखताना दमतात. पोटात असताना गिळले नाही म्हणून पाणी वाढले होते, हा धागा अशा वेळी उपयोगी पडतो आणि मज्जासंस्था किंवा स्नायूंचा तपास लवकर सुरू होतो. फार क्वचित एखादे बाळ प्रमाणाबाहेर लघवी करते, वजन झपाट्याने उतरते आणि रक्तातले क्षार बिघडतात. अशा बाळाच्या मूत्रपिंडाचा आजार शोधताना डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘गरोदरपणात पाणी वाढले होते का?’ हाच असतो. लवकर जन्मलेल्या बाळाला श्वास, ऊब आणि पाजणे यांसाठी काही दिवस काचपेटीत ठेवावे लागते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत आहे, आणि जन्मजात व्यंगावरील पुढच्या उपचारांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मदत मिळते.

तपासणीत काहीच सापडले नाही आणि बाळ छान दूध पिऊ लागले, तरी घाईने घरी जाऊ नये. 48 तास तरी डॉक्टरांच्या नजरेखाली काढावेत. घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. त्यांना पाणी वाढल्याची गोष्ट सांगावी आणि प्रत्येक वेळी वजन करून घ्यावे. पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरते, ते दोन आठवड्यांत भरून यायला हवे. काही सौम्य दोष पहिल्या वर्षात लक्षात येतात, म्हणून लसीकरणाच्या भेटींत बालरोगतज्ज्ञांना पाजणे, मान धरणे आणि पालथे पडणे यांविषयी सांगत राहावे. मधुमेह झालेल्या आईने प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन साखर पुन्हा तपासावी, आणि पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच भेटीत आधीच्या गरोदरपणातला हा सगळा वृत्तांत फाइलसह डॉक्टरांपुढे ठेवावा.